विंडोज नव्याने टाकण्याआधी पार्टिशनचा घोळ: विंडोज एका डिस्कवर आणि 'सिस्टीम' दुसऱ्याच डिस्कवर

गिरगावचा_छापखाना

नमस्कार मंडळी. आमचा गिरगावात लग्नपत्रिका, पावतीपुस्तके आणि मंडळांचे अहवाल छापण्याचा लहानसा व्यवसाय आहे. दुकानातला संगणक २०१८ साली घेतलेला असून त्यात आठव्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर आहे. सुरुवातीला त्यात फक्त १ टीबीची हार्ड डिस्क होती. तीन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मुलाने २४० जीबीची एसएसडी बसवून विंडोज १० तिच्यावर हलवून दिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा आधार संपला, शिवाय संगणकही आताशा फार रखडत चालतो, म्हणून विंडोज ११ अगदी कोऱ्या पाटीवर टाकावे असे ठरवले.

मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलने पेनड्राइव्ह तयार केला, बायोसमध्ये पीटीटी (विंडोज ११ ला लागणारी इंटेलची सुरक्षा सोय) सुरू केले आणि शनिवारी दुकान बंद झाल्यावर कामाला बसलो. डिस्क निवडण्याच्या पानापर्यंत सगळे सुरळीत झाले. तिथे मात्र एसएसडी निवडताच अशा अर्थाचा संदेश आला की निवडलेल्या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल (डिस्कच्या विभागांची जुन्या पद्धतीची नोंद) असून ईएफआय प्रणालीत (संगणक सुरू करण्याच्या नव्या पद्धतीत) विंडोज केवळ जीपीटी (नव्या पद्धतीची नोंद असलेल्या) डिस्कवरच टाकता येते. मी घाबरून सगळे रद्द केले आणि जुन्या विंडोजमध्ये परत आलो.

तिथे डिस्क मॅनेजमेंट (डिस्कचे विभाग दाखवणारे विंडोजचे साधन) उघडले, तर विंडोज एसएसडीवर असूनही 'सिस्टीम' हा शब्द हार्ड डिस्कवरच्या पार्टिशनखाली दिसला. हे कसे? दुसरी अडचणही त्याच पानावर दिसली. हार्ड डिस्कच्या शेवटी सुमारे १०० जीबी जागा 'अनॲलोकेटेड' म्हणून पडून आहे. तिचे नवे पार्टिशन करायला गेलो, तर बेसिक डिस्क डायनॅमिक करावी लागेल असा इशारा येतो. तिथे 'हो' म्हणावे का? डी आणि ई या दोन ड्राइव्हवर मिळून पंधरा वर्षांच्या पत्रिकांच्या फायली आहेत, त्यामुळे अंदाजाने काही करायची माझी हिंमत होत नाही.

सर्किट_परळ

दादा, यात एवढा विचार करण्यासारखे काही नाही. पेनड्राइव्हवरून सेटअप सुरू करा, शिफ्ट आणि एफ१० दाबून काळी खिडकी उघडा, डिस्कपार्टमध्ये (आज्ञा देऊन पार्टिशने हाताळण्याच्या साधनात) एसएसडी निवडून 'क्लीन' आणि मग 'कन्व्हर्ट जीपीटी' द्या. दहा मिनिटांत फॉरमॅट मारून मोकळे व्हाल. हार्ड डिस्कवरची पार्टिशनेही तिथल्या तिथे नव्याने आखून घ्या, म्हणजे ती १०० जीबी जागाही हाती लागेल.

जुनी_तबकडी

छापखानेवाले, कृपा करून अजून काहीही दाबू नका आणि त्या डायनॅमिकच्या प्रश्नाला तर मुळीच 'हो' म्हणू नका. सर्किट यांनी सांगितलेल्या आज्ञा चुकीच्या नाहीत, पण कोणत्या डिस्कवर नेमके काय आहे हे कळण्याआधी 'क्लीन' देणे म्हणजे सातबारा न बघता जमिनीचा व्यवहार करणे होय.

डायनॅमिकचा प्रश्न आधी निकालात काढतो. एमबीआर पद्धतीच्या टेबलात फक्त चार नोंदींची जागा असते, म्हणून त्यावर चारच प्रायमरी पार्टिशने होऊ शकतात. पाचवे हवे असेल तर चारपैकी एक जागा एक्स्टेंडेड पार्टिशनला देऊन त्याच्या पोटात लॉजिकल पार्टिशने करावी लागतात. विंडोजचे स्वतःचे साधन चौथ्या वेळी आपोआप एक्स्टेंडेड करते, पण तुमच्या डिस्कवर कोणीतरी वेगळे सॉफ्टवेअर वापरून चारही प्रायमरी करून ठेवलेली दिसतात. त्यामुळे जागा मोकळी असूनही तिची नोंद करायला टेबलात ओळ शिल्लक नाही, आणि विंडोज त्यावर डायनॅमिक डिस्कचा आडमार्ग सुचवते. त्या मार्गाने गेल्यावर परत बेसिक करण्यासाठी विंडोजच्या साधनांनी डिस्क रिकामी करावी लागते, शिवाय खुद्द मायक्रोसॉफ्टनेच ही पद्धत आता मोडीत काढली आहे.

आता मला तीन गोष्टी पाहून सांगा. डिस्क मॅनेजमेंटच्या खालच्या पट्ट्यांत प्रत्येक पार्टिशनखाली कंसात जे शब्द लिहिलेले असतात, ते जसेच्या तसे उतरवा. 'एमएसइन्फो३२' उघडून 'बायोस मोड' पुढे काय लिहिले आहे ते पाहा. आणि क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाकून दोन्ही डिस्कची प्रकृती तपासा.

गिरगावचा_छापखाना

तबकडीकाका, आज ग्राहक कमी होते म्हणून लगेच पाहिले.

डिस्क ० ही ९३१ जीबीची हार्ड डिस्क आहे. तिच्यावर पहिले ५०० एमबीचे 'सिस्टीम रिझर्व्हड' असून त्याखाली 'सिस्टीम, ॲक्टिव्ह, प्रायमरी' असे लिहिले आहे. पुढे १०० जीबीचे एक जुने पार्टिशन आहे, ज्यात पूर्वीचे विंडोज तसेच पडून आहे. नंतर ४०० जीबीचा डी, ३३० जीबीचा ई आणि शेवटी ती मोकळी जागा. डिस्क १ ही २२३ जीबीची एसएसडी असून तिच्यावर एकटा सी ड्राइव्ह आहे आणि त्याखाली 'बूट, पेज फाइल, क्रॅश डम्प, प्रायमरी' असे शब्द आहेत. बायोस मोडपुढे 'लेगसी' आहे.

क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये एसएसडी निळी आणि 'गुड' दिसते, पण हार्ड डिस्कवर पिवळा 'कॉशन' आहे. त्यात सी५ या ओळीपुढे कच्चा आकडा १६ आहे, ०५ पुढे ८ आहे. गेल्या महिन्यापासून ई ड्राइव्हवरच्या एकदोन फोल्डरांची नक्कल करताना 'सायक्लिक रिडंडन्सी चेक' असा काहीसा दोष येतो, तो याच्याशीच संबंधित असावा का?

आणि एक बाळबोध शंका: १ टीबीचे ९३१ जीबी आणि २४० जीबीचे २२३ कसे झाले? उरलेली जागा कुठल्या पार्टिशनने खाल्ली?

सर्किट_परळ

शेवटच्या शंकेचे उत्तर मी देतो. जागा कोणी खाल्लेली नाही. डिस्क बनवणारे १ टीबी म्हणजे एकावर बारा शून्ये इतके बाइट मोजतात आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते, म्हणून आकडा ९३१ दिसतो. बाकी काकांशी मी सहमत आहे. सी५ वर आकडा असताना तिथल्या तिथे पार्टिशन आखण्याचा माझा सल्ला मी मागे घेतो.

जुनी_तबकडी

तुम्ही उतरवलेल्या त्या शब्दांतच सगळा उलगडा आहे. मायक्रोसॉफ्टच्या भाषेत या दोन शब्दांचा अर्थ आपल्या समजुतीच्या नेमका उलटा आहे: ज्या पार्टिशनवरून संगणक सुरू होतो त्याला ते 'सिस्टीम' म्हणतात आणि ज्यावर विंडोजच्या फायली असतात त्याला 'बूट' म्हणतात. म्हणजे तुमचे विंडोज एसएसडीवर असले, तरी ते सुरू करून देणारा बूट मॅनेजर आजही जुन्या हार्ड डिस्कवरच्या त्या ५०० एमबीमध्ये बसलेला आहे. विंडोज हलवून देताना त्या मुलाने फक्त सी ड्राइव्हची नक्कल केली आणि दारावरचा पहारेकरी जुन्याच घरी राहिला. सर्किट यांच्या पहिल्या सल्ल्याप्रमाणे तुम्ही हार्ड डिस्कवरची पार्टिशने पुसली असती आणि मग एसएसडीच्या बाबतीत विचार बदलून जुन्या विंडोजकडे परत यायचे ठरवले असते, तर एसएसडी धडधाकट असूनही संगणक सुरू झाला नसता.

आता खऱ्या काळजीच्या गोष्टीकडे वळतो. सी५ म्हणजे वाचता न आल्यामुळे निकालाची वाट पाहणारे सेक्टर आणि ०५ म्हणजे खराब ठरवून राखीव जागेतून बदललेले सेक्टर. सोळा हा आकडा फार मोठा नाही, पण तो शून्य नाही आणि प्रत्यक्ष फायली वाचताना दोष येऊ लागला आहे, एवढे पुरेसे आहे. या डिस्कवर पार्टिशन लहानमोठे करणे, सरकवणे हे सगळे वर्ज्य समजा, कारण पार्टिशन सरकवताना शेकडो जीबी मजकूर उचलून दुसरीकडे ठेवला जातो आणि मध्येच एक सेक्टर अडला की अर्धे इकडे आणि अर्धे तिकडे अशी अवस्था होते. 'चेकडिस्क' चा स्लॅश आर हा पर्यायही आत्ता वापरू नका. तो डिस्कचा पत्ता न् पत्ता वाचून काढतो आणि फाइल सिस्टीममध्ये लिहितोही. आजारी डिस्ककडून ती मेहनत मजकूर बाहेर काढल्यानंतर करून घ्यायची असते, आधी नव्हे.

एक नवी डिस्क घ्या, शक्यतो २ टीबीची. तिला जीपीटी टेबल द्या. डी ड्राइव्हवर दोष नसेल, तर त्याच्या फायली विंडोजमधूनच साध्या पद्धतीने उतरवा. ई ड्राइव्हसाठी मात्र सिस्टीमरेस्क्यू नावाची लिनक्स पेनड्राइव्हवरून सुरू करून 'डीडीरेस्क्यू' वापरा. हे साधन आधी जे सहज वाचता येते ते सगळे घेते, अडलेल्या जागा सोडून पुढे जाते आणि शेवटी त्या जागांकडे परत येते. कुठवर काम झाले याची नोंद एका वेगळ्या फायलीत राहत असल्यामुळे मध्ये वीज गेली तरी तिथून पुढे चालू करता येते.

दोन सावधगिऱ्या. पहिली, डीडीरेस्क्यूला आधी मूळ आणि मग लक्ष्य सांगायचे असते आणि हा क्रम उलटला तर रिकाम्या डिस्कवरची शून्ये तुमच्या पत्रिकांवर लिहिली जातील, म्हणून लिनक्सने दाखवलेली नावे आकारमान आणि मॉडेल क्रमांकावरून पडताळा. २ टीबीची डिस्क घ्या म्हणालो त्याचे एक कारण हेही आहे: दोन्ही डिस्क १ टीबीच्या असल्या की पहाटे दोन वाजता डोळे फसतात. दुसरी, संपूर्ण डिस्कची डिस्कवर नक्कल करू नका, कारण तसे केल्यास जुने एमबीआर टेबल आणि त्याच्या चारही भरलेल्या ओळी नव्या डिस्कवर जशाच्या तशा येतील आणि आता १०० जीबी अडकली आहे तिथे हजारावर जीबी अडकेल. फक्त ई पार्टिशनची प्रतिमा नव्या डिस्कवर एका फायलीत उतरवा आणि तिच्यातून फायली बाहेर काढा.

वरळीची_लाट

मी स्वतः मराठी डीटीपीचे काम करते, म्हणून एक गोष्ट सांगावीशी वाटते, जी संगणक दुरुस्त करणारे कधीच विचारत नाहीत. तुमच्या पंधरा वर्षांच्या पत्रिका युनिकोडमध्ये नक्कीच नसतील. श्रीलिपी किंवा तत्सम जुन्या फॉन्टमध्ये केलेल्या फायली नव्या विंडोजवर उघडल्या की 'श्री गणेशाय नमः' च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो, कारण त्या फायलीत देवनागरी अक्षरे नसतातच, फक्त त्या फॉन्टच्या खुणा असतात. हे फॉन्ट डी किंवा ई वर नसतात; ते सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरातल्या फॉन्ट्समध्ये असतात, म्हणजे नेमके तिथे, जिथे तुम्ही 'क्लीन' देणार आहात. ते सगळे फोल्डर उचलून ठेवा, कीबोर्डच्या सॉफ्टवेअरची मूळ प्रत आणि परवान्याचा डाँगल शोधून ठेवा, आणि डेस्कटॉप, डाउनलोड्स हेही सी वरच असते हे विसरू नका.

एसएसडीवर भरवसा ठेवून 'नंतर रिकव्हर करू' असेही म्हणू नका. 'क्लीन' ने तूर्त फक्त टेबल पुसले जाते हे खरे, पण पुढे फॉरमॅट झाले की विंडोज एसएसडीला ट्रिमची (पुसलेल्या जागा खरोखर रिकाम्या करण्याची) आज्ञा देते, आणि त्यानंतर टेस्टडिस्क किंवा फोटोरेकसारख्या साधनांच्या हाती बहुतेक वेळा काही लागत नाही.

सर्किट_परळ

एक मधला मार्ग सुचवतो. विंडोजमध्ये 'एमबीआर२जीपीटी' नावाचे साधन १७०३ आवृत्तीपासून आहे, जे मजकूर न पुसता डिस्क जीपीटी करते. छापखानेदादा, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि डिस्क १ साठी फक्त 'व्हॅलिडेट' चा पर्याय, सोबत 'अलाउ-फुल-ओएस' असे देऊन पाहा. यात काहीही बदलत नाही, फक्त तपासणी होते.

गिरगावचा_छापखाना

करून पाहिले. डिस्क १ साठी तपासणी नापास झाली.

जुनी_तबकडी

ती नापासच होणार. त्या साधनाच्या अटींपैकी एक अशी आहे की त्याच डिस्कवरचे एक पार्टिशन ॲक्टिव्ह असले पाहिजे आणि तेच सिस्टीम पार्टिशनही असले पाहिजे. तुमच्या एसएसडीवर विंडोज आहे, पण तिच्यावर सिस्टीम पार्टिशन नाही. ते डिस्क ० वर आहे. पुष्कळांच्या बाबतीत हे साधन उत्तम चालते, फक्त डिस्कवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी पार्टिशने आणि एकही एक्स्टेंडेड नको असते. तुम्हाला तसेही कोरे विंडोज हवे आहे, तेव्हा याच्या मागे लागण्याची गरज नाही.

मुलुंडचा_विद्यार्थी

धाग्याच्या विषयाला धरूनच एक प्रश्न आहे. माझ्या अकराव्या पिढीच्या इंटेल लॅपटॉपवर सेटअपमध्ये एकही डिस्क दिसत नाही, जणू काही आत डिस्कच नाही. डिस्क बिघडली असेल का?

जुनी_तबकडी

जुने विंडोज चालत असेल, तर डिस्क ठीक आहे. अकराव्या पिढीपासून पुष्कळ लॅपटॉपवर इंटेलचे व्हीएमडी (डिस्क हाताळणारी सोय) सुरू असते आणि सेटअपजवळ त्याचा ड्रायव्हर नसतो. उत्पादकाच्या संकेतस्थळावरून इंटेल रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा आणि त्या पानावरच्या 'लोड ड्रायव्हर' ने तो दाखवा. पण त्याआधी बिटलॉकर (डिस्कवरचा मजकूर कुलूपबंद करणारी सोय) सुरू आहे का ते तपासा आणि असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉग-इन केलेल्या लॅपटॉपवर ते आपल्या नकळत सुरू झालेले असू शकते.

गिरगावचा_छापखाना

मंडळी, चार दिवसांनी लिहितो आहे, कारण मधल्या काळात एका अहवालाची घाई होती.

लॅमिंग्टन रोडवर जाऊन २ टीबीची नवी डिस्क आणली. दुकानदाराने निम्म्या किमतीत 'जवळजवळ नवी' डिस्कही पुढे केली होती. तिथल्या तिथे क्रिस्टलडिस्कइन्फो लावून दाखवा म्हटल्यावर ती परत आत गेली. डी ड्राइव्ह एका रात्रीत उतरला. ई ड्राइव्हसाठी डीडीरेस्क्यूला सुमारे नऊ तास लागले, त्यातले पहिले ९९ टक्के काम अडीच तासांत झाले आणि उरलेला सारा वेळ डिस्क त्या थोड्याशा जागांवर टकटक करत बसली होती. शेवटी तीन फायली गेल्या, आणि त्यांपैकी दोन मुंज-पत्रिकांचे कच्चे मसुदे होते, तेव्हा तक्रार नाही.

रविवारी चुकून भलतीच डिस्क पुसली जाऊ नये म्हणून जुन्या आणि नव्या दोन्ही हार्ड डिस्कच्या साटा केबल काढून ठेवल्या, फॉन्टचे फोल्डर वेगळ्या पेनड्राइव्हवर घेतले आणि सेटअप सुरू केला. पण या वेळी डिस्कच्या पानापर्यंतही पोहोचलो नाही. हा संगणक विंडोज ११ चालवू शकत नाही, असे सांगून सेटअप थांबला. आठ दिवसांपूर्वी याच संगणकावर, याच पेनड्राइव्हवरून तो पुढे गेला होता. मी अक्षरशः डोक्याला हात लावून बसलो आहे.

सर्किट_परळ

दादा, बूट मेन्यूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो का? एकदा नुसत्या नावाने आणि एकदा नावाआधी 'यूईएफआय' असे लिहून?

गिरगावचा_छापखाना

हो, दोनदा दिसतो. मी वरचा निवडला, त्यात यूईएफआय शब्द नव्हता. दोन्ही एकच आहेत असे समजलो.

सर्किट_परळ

तिथेच गफलत झाली. मीडिया क्रिएशन टूलचा पेनड्राइव्ह दोन्ही पद्धतींनी सुरू होतो. नुसत्या नावाची ओळ निवडली की संगणक लेगसी, म्हणजे जुन्या, पद्धतीने उठतो, मग सेटअपला विंडोज ११ साठी लागणारी सिक्युअर बूटची क्षमता दिसत नाही आणि तो दारातूनच परत पाठवतो. पहिल्या वेळी तुमच्याकडून योगायोगाने बरोबर ओळ निवडली गेली होती. बायोसमध्ये जाऊन सीएसएम (लेगसी पद्धतीने सुरू होण्याची सोय) बंद करा, म्हणजे ती फसवी ओळच नाहीशी होईल. जुने विंडोज त्यानंतर सुरू होणार नाही, पण तुमचा मजकूर बाहेर आलेला आहे, तेव्हा हरकत नाही.

आणि डिस्कपार्टमध्ये 'लिस्ट डिस्क' दिल्यावर केबल काढलेल्या असूनही दोन डिस्क दिसतील, त्यातली एक म्हणजे तुमचा पेनड्राइव्ह असेल. क्रमांकावर विसंबू नका, २२३ जीबीचे आकारमान बघूनच 'सिलेक्ट' द्या. 'कन्व्हर्ट जीपीटी' नंतर पुन्हा 'लिस्ट डिस्क' दिल्यावर जीपीटीच्या रकान्यात चांदणी दिसली पाहिजे. हाताने पार्टिशने करत बसू नका. सगळी जागा अनॲलोकेटेड ठेवून नुसते 'नेक्स्ट' दाबा, सेटअप त्याला हवी ती स्वतः आखतो.

गिरगावचा_छापखाना

झाले! चांदणी दिसली, 'नेक्स्ट' दाबले आणि चाळीस मिनिटांत विंडोज ११ उभे राहिले. आता डिस्क मॅनेजमेंटमध्ये एसएसडीवर १०० एमबीचे ईएफआय सिस्टीम पार्टिशन, मग सी आणि शेवटी रिकव्हरी असे तीन भाग दिसतात. डिस्कपार्टमध्ये १६ एमबीचा एक 'रिझर्व्हड' भागही दिसतो, तो डिस्क मॅनेजमेंट दाखवत नाही. 'सिस्टीम' हा शब्द या वेळी एसएसडीवरच आहे, ते मी आधी पाहिले.

त्यानंतर नवी हार्ड डिस्क जोडली आणि पेजमेकरमधली एक जुनी पत्रिका उघडली. फॉन्ट टाकलेले असल्यामुळे मजकूर अचूक आला, पण गणपतीच्या चित्राच्या जागी रिकामी चौकट होती. एकूण एक पत्रिकेत तेच. फायली तर सगळ्या जागेवर आहेत.

वरळीची_लाट

नव्या डिस्कला विंडोजने कोणते अक्षर दिले आहे ते पाहा. पेजमेकर चित्राचा पूर्ण पत्ता लक्षात ठेवतो आणि तुमची चित्रे पूर्वी डी वर होती. डिस्क मॅनेजमेंटमध्ये त्या पार्टिशनवर उजवी क्लिक करून अक्षर बदला आणि त्याला डी द्या. फोल्डरांची रचना तीच ठेवली असेल, तर चित्रे आपोआप परत येतील.

गिरगावचा_छापखाना

ताई, अगदी तसेच होते. अक्षर एफ मिळाले होते. डी केल्यावर गणपती, कलश, सनई-चौघडा सगळे आपापल्या जागी आले.

आता फक्त ती जुनी डिस्क उरली आहे. भंगारवाल्याला द्यायची म्हटले, तर तिच्यावर शेकडो कुटुंबांचे पत्ते आणि फोन नंबर आहेत.

जुनी_तबकडी

ती महिनाभर तरी तशीच कपाटात राहू द्या. एखादी उतरवायची राहिलेली फाइल हमखास तिसऱ्या आठवड्यात आठवते. नंतर डिस्कपार्टमध्ये 'क्लीन ऑल' देता येईल. नुसत्या 'क्लीन' सारखे ते टेबलावर थांबत नाही, प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहिते, म्हणून १ टीबीला काही तास लागतात आणि खराब सेक्टरवर ते अडूही शकते. अडलेच, तर दुकानात बाइंडिंगसाठी ड्रिल असेल ना, त्याने तबकड्यांतून आरपार तीन-चार भोके पाडा. आज्ञा देताना नव्या डिस्कची केबल काढून ठेवा, म्हणजे झाले.